पुढच्या मजल्यापुरते पान : ‘स्ले द स्पायर’मध्ये कॅट कसा जमवावा

एकट्याने पत्ते खेळणे आपल्याला नवे नाही. दुपारी सतरंजीवर पेशन्सचा डाव मांडून बसलेले कोणी ना कोणी प्रत्येकाच्या घरात पाहिलेले असते. मात्र पेशन्समध्ये कॅट बावन्न पानांचा आणि सगळ्यांसाठी सारखाच असतो. संगणकावर आणि मोबाइलवर खेळल्या जाणाऱ्या पत्त्यांच्या साहसी खेळांत हीच गोष्ट उलटी होते. सुरुवातीला हातात मोजकी साधी पाने असतात आणि प्रत्येक लढतीनंतर कॅटमध्ये कोणते पान घालायचे, कोणते काढायचे आणि कोणते सुधारून घ्यायचे हे खेळाडूच ठरवतो. या प्रकारातला ‘स्ले द स्पायर’ हा खेळ शिकण्यासाठी सर्वांत उपयुक्त आहे, कारण त्यात आकडे लहान आहेत, शत्रू पुढे काय करणार हे आधीच दिसते आणि हरलो तर का हरलो हे बहुतेक वेळा शोधून काढता येते.

अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल येथील ‘मेगा क्रिट’ या छोट्या संस्थेने, म्हणजे मुख्यतः केसी यानो आणि अँथनी जोव्हानेटी या दोघांनी, हा खेळ घडवला. नोव्हेंबर २०१७ मध्ये तो अपूर्णावस्थेत खेळाडूंच्या हाती आला आणि २३ जानेवारी २०१९ रोजी पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. पुढे २०२० मध्ये आयफोनवर आणि २०२१ मध्ये अँड्रॉइडवरही तो आला. एका मनोऱ्याचे तीन टप्पे चढायचे, प्रत्येक टप्प्यात पंधरा मजले आणि वर एक बॉस, म्हणजे त्या टप्प्याचा शेवटचा मोठा शत्रू, आणि वाटेत मेलात तर पुन्हा पहिल्या मजल्यापासून सुरुवात, असा एकंदर मामला आहे. एक डाव साधारण तासाभराचा असतो.

हा लेख ‘आयर्नक्लॅड’ या पहिल्या पात्राने पहिला विजय मिळवण्यापुरता आहे. मी स्वतः सुरुवातीचे कित्येक डाव एकाच चुकीने घालवले. कुठेतरी ‘डेमन फॉर्म’ आणि ‘लिमिट ब्रेक’ या ताकद वाढवणाऱ्या पानांची जोडी पाहिली होती आणि ती जमली की आपल्याला कोणी अडवू शकणार नाही, या कल्पनेने मी पहिल्या मजल्यापासून त्या जोडीला पूरक अशी पाने गोळा करत असे. जोडी जमेपर्यंत मी जिवंत राहत नसे. हा मनोरा एका वेळी एकच प्रश्न विचारतो, आणि पान निवडायचे ते त्या पुढच्या प्रश्नासाठी, हे लक्षात यायला मला फार वेळ लागला. पुढच्या सर्व सूचना याच एका समजुतीवर उभ्या आहेत.

आधी स्वतःचा कॅट मोजा

आयर्नक्लॅडकडे ८० एचपी, म्हणजे जीवनशक्तीचे ८० गुण, आणि दहा पाने असतात. त्यांपैकी पाच ‘स्ट्राइक’ असून प्रत्येकाने ६ नुकसान होते. चार ‘डिफेंड’ असून प्रत्येकाने ५ ब्लॉक मिळतो, म्हणजे शत्रूच्या घावातले तेवढे नुकसान अडते. दहावे पान ‘बॅश’. त्याला २ ऊर्जा लागते, त्याने ८ नुकसान होते आणि शत्रू दोन फेऱ्यांसाठी ‘व्हल्नरेबल’ होतो, म्हणजे त्याला बसणारा प्रत्येक घाव दीडपट होतो. दर फेरीला पाच पाने आणि तीन ऊर्जा मिळतात, न खेळलेली पाने टाकली जातात, आणि गठ्ठा संपला की टाकलेली पाने पिसून पुन्हा गठ्ठा होतो. ब्लॉक पुढच्या फेरीच्या आरंभी नाहीसा होतो, त्यामुळे तो साठवून ठेवता येत नाही. प्रत्येक लढत संपल्यावर आयर्नक्लॅडला ६ एचपी परत मिळतात. नवख्या खेळाडूने याच पात्राने सुरुवात करावी याचे हे मोठे कारण आहे.

आता या आकड्यांचा अर्थ पाहा. दहा पानांच्या कॅटमध्ये प्रत्येक पान दर दोन फेऱ्यांना एकदा हाती येते, वीस पानांचा कॅट झाला की दर चार फेऱ्यांना आणि तीस पानांचा झाला की दर सहा फेऱ्यांना. नेहमीच्या लढती तीन ते पाच फेऱ्यांत आटोपतात. तेव्हा तीस पानांच्या कॅटमधले एखादे अप्रतिम पान पुष्कळ लढतींत हाती येणारच नाही. लढतीनंतर समोर तीन पाने ठेवली जातात आणि त्यांतले एकही न घेण्याची मुभा असते. या मुभेचा वापर शिकला पाहिजे, मात्र कॅट बारीक ठेवण्याचा हट्टही धरू नये. पाच स्ट्राइक आणि चार डिफेंड यांच्या जोरावर पहिला टप्पासुद्धा कठीण जातो. पहिल्या काही लढतींत जवळजवळ प्रत्येक वेळी पान घ्यावे, आणि कॅट आपल्या पायांवर उभा राहिला की हात आखडावा.

नकाशा खालून नव्हे, वरून वाचा

डाव सुरू होताना ‘नीओ’ नावाचा जीव एक वरदान देतो. मागच्या डावात तुम्ही पहिल्या बॉसपर्यंत पोहोचला असाल तर चार पर्याय मिळतात, अन्यथा दोनच. त्या दोनांपैकी पुढच्या तीन लढतींतील शत्रूंना केवळ १ एचपी देणारे वरदान नवख्यासाठी चांगले आहे.

त्यानंतर संपूर्ण टप्प्याचा नकाशा दिसतो आणि सर्वांत वर बॉसचे चित्रही असते. बहुतेक जण खालून एकेक पाऊल पुढे टाकत जातात. त्याऐवजी बॉसकडून खाली बोट फिरवत या. काही गोष्टी ठरलेल्या असतात. पहिल्या मजल्यावर साधा शत्रू असतो, नवव्या मजल्यावर खजिन्याची पेटी असते आणि पंधराव्या मजल्यावर विसाव्याची शेकोटी असते. एलिट, म्हणजे नेहमीपेक्षा बलाढ्य शत्रू, आणि शेकोट्या सहाव्या मजल्याच्या खाली येत नाहीत. म्हणजे पहिले पाच मजले ही तयारीची मुदत आहे.

एलिटला हरवले की ‘रेलिक’, म्हणजे डावभर पुरणारी एखादी वस्तू, मिळते. एलिटांना टाळत गेलात तर दुसऱ्या टप्प्यात तुम्ही रिकाम्या हाताने शिरता आणि तिथे गाठले जाता. म्हणून वाट अशी निवडावी की पहिल्या एलिटच्या आधी एखादी शेकोटी लागेल आणि शक्यतो त्या एलिटच्या अलीकडे वाटेला फाटा असेल, म्हणजे अंगावर जखमा असल्या तर ऐनवेळी दुसरीकडे वळता येईल. पहिल्या टप्प्यात दोन एलिट हे माझे नेहमीचे उद्दिष्ट असते. नशीब आणि कॅट दोन्ही साथ देत असतील तरच मी तिसऱ्याच्या वाटेला जातो.

पहिले पाच मजले : घाव घालणारी पाने

या मजल्यांवर तुम्हाला विचारलेला प्रश्न एकच आहे, तो म्हणजे तीन-चार फेऱ्यांत पुरेसे नुकसान करता येईल का. स्ट्राइकपेक्षा जास्त देणारे कोणतेही हल्ल्याचे पान इथे स्वागतार्ह आहे. ‘पॉमेल स्ट्राइक’ ९ नुकसान करते आणि वर एक पान ओढू देते. ‘ट्विन स्ट्राइक’ ५ चे दोन घाव घालते. ‘कार्नेज’ २ ऊर्जेत २० नुकसान करते, फक्त ज्या फेरीत हाती येते त्याच फेरीत ते खेळावे लागते, नाहीतर त्या लढतीपुरते जाते. ‘क्लीव्ह’ सर्व शत्रूंना ८ नुकसान करते. ‘बॅरिकेड’, ‘एन्ट्रेंच’, ‘लिमिट ब्रेक’ ही पाने याच वेळी समोर आली तर मोह आवरावा. ती वाईट नाहीत, त्यांची वेळ झालेली नाही.

पहिल्या टप्प्यात तीन प्रकारचे एलिट भेटतात आणि त्यांतला ‘ग्रेम्लिन नॉब’ हा नवख्यांचा काळ आहे. त्याच्याशी होणारी लढत जरा जवळून पाहू, कारण पान का घ्यावे हे तिथे आकड्यांत दिसते.

नॉबचे एचपी ८२ ते ८६ असतात. पहिल्या फेरीत तो केवळ डरकाळी फोडतो. त्यानंतर तुम्ही ‘स्किल’ प्रकारचे कोणतेही पान खेळलात की त्याची ताकद २ ने वाढते आणि ती लढत संपेपर्यंत उतरत नाही. डिफेंड हे स्किलच आहे. त्याचा मुख्य हल्ला १४ चा असतो. समजा तुम्ही घाबरून एक डिफेंड खेळलात, तर ५ ब्लॉक मिळाला, पण घाव १६ चा झाला, म्हणजे वाचले ३. पुढच्या फेरीत त्या वाढलेल्या ताकदीचे २ जास्त बसतात, त्याच्या पुढच्या फेरीत आणखी २. तिसऱ्या घावापर्यंत तुम्ही १ ने तोट्यात गेलेले असता, शिवाय त्या एका ऊर्जेत स्ट्राइकचे ६ किंवा ९ नुकसान झाले असते, ते बुडाले ते वेगळेच.

आता दुसरी बाजू पाहा. पहिल्या फेरीत तो मारत नाही, तेव्हा बॅश आणि एक स्ट्राइक खेळा. बॅशचे ८ आणि दीडपट झालेल्या स्ट्राइकचे ९ मिळून १७ होतात. दुसऱ्या फेरीत तीन स्ट्राइक हाती असतील तर २७, म्हणजे एकूण ४४. पाने अशीच अनुकूल पडत गेली तर चौथ्या फेरीत ८८ होतात आणि नॉब पडतो. पण पाने अशी अनुकूल पडत नाहीत. डिफेंड हातात अडकून बसतात आणि लढत पाचव्या-सहाव्या फेरीत जाते. इथे एखादे कार्नेज असते तर व्हल्नरेबल असलेल्या नॉबला एकाच पानाने ३० बसले असते आणि एक अख्खी फेरी, म्हणजे त्याचा एक अख्खा घाव, वाचला असता. ‘आयर्न वेव्ह’ हे साधे पान ५ नुकसान आणि ५ ब्लॉक देते आणि ते हल्ल्याचे पान असल्यामुळे नॉब चिडत नाही. एरवी ज्याच्याकडे आपण दुसऱ्यांदा पाहणार नाही, असे हे पान त्या लढतीत सोन्याचे ठरते.

उरलेले दोन एलिट वेगळे प्रश्न विचारतात. ‘लॅगाव्हुलिन’ तीन फेऱ्या झोपलेला असतो आणि तेवढ्या वेळात तुम्हाला कायम परिणाम करणारी ‘पॉवर’ प्रकारची पाने मांडून घेता येतात. ‘सेंट्री’ तिघे एकत्र येतात आणि तुमच्या कॅटमध्ये निरुपयोगी पाने घुसडतात. तिथे क्लीव्हसारखे सर्वांना लागणारे पान उपयोगी पडते, आणि ते नसेल तर कडेच्या एकाला आधी संपवावे.

शेकोटी, दुकान आणि औषधाच्या बाटल्या

शेकोटीपाशी दोन मुख्य पर्याय असतात, एक म्हणजे विश्रांती घेऊन कमाल एचपीच्या ३० टक्के परत मिळवणे आणि दुसरा म्हणजे एक पान कायमचे सुधारणे. पुढच्या दोन-तीन खोल्यांत मरण्याची खरी भीती नसेल तर पान सुधारा. पहिली सुधारणा बहुतेक वेळा बॅशची असावी, कारण त्याने ते १० नुकसान करते आणि व्हल्नरेबल दोनऐवजी तीन फेऱ्या टिकते, म्हणजे इतर सर्व हल्ले आपोआप सुधारतात. एचपी ही जपून ठेवायची ठेव नाही, खर्चायची रक्कम आहे. खेळाच्या सोप्या पातळीवर बॉस मेल्यानंतर ती पूर्ण भरून मिळते.

दुकानातली सर्वांत मोलाची वस्तू बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ७५ नाणी देऊन कॅटमधले एक पान कायमचे काढून टाकता येते आणि पुढे दर वेळी ही किंमत २५ ने वाढते. डावाच्या आरंभी ९९ नाणी असतात, म्हणजे पहिल्या दुकानात हे नक्की परवडते. कॅटमध्ये ‘शाप’, म्हणजे नुसते अडचण करणारे पान, असेल तर आधी तो काढावा, नाहीतर स्ट्राइक. डिफेंड काढण्याची घाई करू नये.

बाटल्या तीनच ठेवता येतात, आणि अडीअडचणीला म्हणून राखून ठेवलेल्या बाटल्यांसह मेलेले खेळाडू असंख्य आहेत. एलिटसमोर पहिल्याच फेरीत त्या वापरा.

पहिला बॉस

कोणता बॉस आहे हे तुम्हाला पहिल्या मजल्यापासून ठाऊक असते, पण त्या माहितीचा उपयोग मात्र फार थोडे जण करतात.

‘स्लाइम बॉस’चे १४० एचपी असतात आणि ते निम्म्यावर आले की तो दुभंगतो. दोन्ही तुकड्यांना उरलेले एचपी तितकेच मिळतात. म्हणून त्याला ७० च्या किंचित वर आणून ठेवावे आणि मग सर्वांत मोठा घाव घालावा, म्हणजे तुकडे अशक्त निघतात. तिसऱ्या फेरीत तो ३५ चा घाव घालतो, पण त्याआधी दुभंगला तर तो घाव टळतो.

‘हेक्साघोस्ट’ पहिल्या फेरीत काही करत नाही आणि दुसऱ्या फेरीत सहा घाव घालतो. त्या प्रत्येक घावाचा आकडा तुमच्या तेव्हाच्या एचपीला बाराने भागून, अपूर्णांक सोडून, वर एक मिळवून ठरतो. ८० एचपी असताना ७ चे सहा घाव, म्हणजे ४२ बसतात. ४० एचपी असताना ४ चे सहा, म्हणजे २४ बसतात. तेव्हा पंधराव्या मजल्यावरच्या शेकोटीपाशी निव्वळ या घावाच्या भीतीने विश्रांती घेणे व्यर्थ आहे. जेवढे कमवाल त्यातले बरेच तो पहिल्याच तडाख्यात परत घेईल. तिथे पान सुधारलेलेच बरे.

‘गार्डियन’ ३० नुकसान झाल्यावर कवचात शिरतो आणि कवचात असताना तुमच्या प्रत्येक हल्ल्याच्या पानामागे तुम्हाला ३ परत मारतो. त्या वेळी लहान लहान पुष्कळ घाव घालू नयेत. थोडे आणि मोठे घाव घालावेत किंवा ब्लॉक करत थांबावे.

बॉस पडला की तीन मोठ्या रेलिकांपैकी एक निवडता येते. त्यांपैकी बऱ्याच जणी दर फेरीला एक जादा ऊर्जा देतात आणि मोबदल्यात काहीतरी काढून घेतात. तीनाची चार ऊर्जा होणे हा फार मोठा फरक असतो, म्हणून मी बहुधा हाच सौदा करतो. ‘कॉफी ड्रिपर’ घेतल्यास शेकोटीपाशी विश्रांती मिळत नाही, पण आयर्नक्लॅडला दर लढतीनंतर एचपी मिळत असल्यामुळे हे सोसते. ‘रूनिक डोम’ मात्र शत्रू पुढे काय करणार हे दाखवणेच बंद करते. नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

दुसरा टप्पा : प्रश्न बदलतो

पहिला टप्पा लीलया पार केलेले डाव दुसऱ्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर का कोसळतात, याचे उत्तर सोपे आहे. इथे शत्रू जोडीने आणि तिघांच्या टोळीने येतात आणि एका फेरीत वीस-तीस नुकसान सहज करतात. एकाच शत्रूवर मोठा घाव घालणारा कॅट इथे अपुरा पडतो. आता ‘श्रग इट ऑफ’ हे ८ ब्लॉक देऊन एक पान ओढू देणारे पान, सर्वांना लागणारे ‘व्हर्लविंड’ किंवा ‘इमोलेट’, आणि शत्रूला दुबळे करणारी ‘शॉकवेव्ह’ व ‘डिसआर्म’ ही पाने घ्यावीत.

‘डिसआर्म’ची किंमत ‘बुक ऑफ स्टॅबिंग’ या एलिटसमोर कळते. हे पुस्तक ६ चे अनेक घाव घालते आणि घावांची संख्या वाढत जाते. चार घावांचे २४ होतात. डिसआर्म शत्रूची ताकद २ ने उतरवते, म्हणजे प्रत्येक घाव ४ चा होतो आणि एकूण १६ बसतात, आणि हा फायदा लढत संपेपर्यंत दर फेरीला मिळत राहतो. एका ऊर्जेत इतके कोणतेही ब्लॉकचे पान देत नाही.

या टप्प्याच्या शेवटी ‘चॅम्प’ असेल तर त्याचे ४२० एचपी निम्म्यावर आले की तो अंगावरचे सारे दुबळे करणारे परिणाम झटकून टाकतो आणि ताकद वाढवून तुटून पडतो, हे आधीच माहीत असू द्या. त्याला निम्म्याच्या जरा वर थांबवून हातात चांगली पाने येऊ द्यावीत आणि मगच रेषा ओलांडावी.

तिसरा टप्पा

आता, आणि आताच, वाढत जाणाऱ्या सामर्थ्याची पाने. तिसऱ्या टप्प्याचे बॉस इतके टिकतात की ठरावीक नुकसानाची पाने थकतात. दर फेरीला २ ताकद वाढवणारा ‘डेमन फॉर्म’, असलेली ताकद दुप्पट करणारा ‘लिमिट ब्रेक’, किंवा ब्लॉक नाहीसा होऊ न देणारे ‘बॅरिकेड’ आणि ब्लॉकइतकेच नुकसान करणारे ‘बॉडी स्लॅम’ यांपैकी एक वाट कॅटने दाखवली असेल ती धरावी. दोन वाटा एकदम धरू नयेत. दुसऱ्या टप्प्याच्या उत्तरार्धात असे एखादे पान समोर आले तर ते घेऊन ठेवायला हरकत नाही, कारण तोवर कॅट त्याचा भार पेलण्याइतका झालेला असतो.

बॉस इथेही आधी पाहून घ्या. ‘टाइम ईटर’ तुम्ही बारा पाने खेळलात की तुमची फेरी तिथेच संपवतो आणि स्वतःची ताकद वाढवतो, म्हणून त्याच्यासमोर स्वस्त पानांची रांग लावणारा कॅट गोत्यात येतो. ‘अवेकन्ड वन’ तुमच्या प्रत्येक पॉवर पानासरशी बळावतो आणि एकदा मेल्यावर पुन्हा उठतो. ‘डोनू आणि डेका’ या जोडीत सगळा मारा एकावर धरावा आणि तो आधी डोनूवर, कारण दोघांची ताकद वाढवण्याचे काम तोच करतो.

मेलात तर लगेच नवा डाव लावू नका. खेळात जुन्या डावांची नोंद राहते. कोणत्या मजल्यावर, कोणासमोर आणि किती पानांचा कॅट हाती असताना मेलात, हे त्यात पाहा आणि त्याआधीच्या तीन निवडींत पुढच्या प्रश्नाचे उत्तर होते का, ते तपासा. माझ्या सुरुवातीच्या नोंदींत सातव्या-आठव्या मजल्यावरचा नॉब इतक्यांदा होता की शेवटी मी तो मोजणे सोडून दिले. आणि जिंकलात तर ‘अ‍ॅसेन्शन’ नावाच्या वीस चढत्या पातळ्यांचे दार उघडते. त्यांतल्या पहिल्या पातळीवर एकच बदल होतो, तो म्हणजे नकाशावर एलिटांची संख्या वाढते.